वऱ्हाडचा अर्धा र

“एका अक्षरानं असं काय बिघडतं, बाबा?”

धामणीकरबाबांनी बोरू दौतीत बुडवला, काठाला टेकवून जास्तीची शाई निथळू दिली, आणि मग वर पाहिलं.

“कोणतं अक्षर?”

“तुम्ही ज्याबद्दल लिहिलंत तेच. अर्धा र.”

“नीट सांग, माय. र दोन तऱ्हेनं अर्धा होतो.”

वृंदा रिसबूड हसली. गेली तीन वर्षं ती याच एका कामात होती, आणि र किती तऱ्हांनी अर्धा होतो हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. सूर्याच्या डोक्यावर बसतो तो एक. वऱ्हाडच्या पोटात आडवा होतो तो दुसरा. तिनं काढून टाकला होता तो दुसरा.

इंटरनेटवरचे पत्ते आपापल्या लिपीत लिहिता यावेत म्हणून जगभरच्या तज्ज्ञांचं एक मंडळ काम करत होतं. कोणत्या भाषेतली कोणती अक्षरं पत्त्यात चालतील आणि कोणती नाहीत, ते त्या त्या भाषेच्या गटानं ठरवायचं होतं. मराठी गटाची प्रमुख वृंदा. पुण्याची, सत्तेचाळीस वर्षांची, सॉफ्टवेअरमध्ये नाव कमावलेली. एकशे चौदा पानांची नियमावली तिनं जवळजवळ एकहाती लिहिली होती. मसुदा लोकांपुढे ठेवला, हरकती मागवल्या. अकरा आल्या. दहा विद्वानांच्या होत्या. त्यांना तिनं अशी उत्तरं दिली की दहाच्या दहा जणांनी समाधान झाल्याचं लिहून पाठवलं.

अकरावी हरकत म्हणजे एक पोस्टकार्ड होतं. अमरावतीपलीकडच्या भिलखेडच्या महानुभाव मठातून आलेलं. वळणदार अक्षरात एकच ओळ... ‘कलम सातानं आमच्या वऱ्हाडचं काय करता?’ कलम सात म्हणजे हा अर्धा र पत्त्यांतून वगळणारा नियम.

वृंदाला अमरावतीच्या कॉलेजात व्याख्यान द्यायचं होतंच. त्याच फेरीत टॅक्सी करून ती भिलखेडला आली. म्हाताऱ्या महंतांना समजावून सांगायचं, समाधान झाल्याच्या कागदावर सही घ्यायची, की मुखपृष्ठावर ‘एकमतानं’ असा शब्द छापता येणार होता. मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचची होती. टॅक्सीवाल्याला तिनं अर्ध्या तासात येते असं सांगून ठेवलं होतं.

बाबांचं वय ऐंशीच्या पुढं. मठाच्या ओसरीवर, उतरत्या लाकडी फळीपुढं मांडी घालून ते जुन्या पोथीची नक्कल करत बसले होते. साठ वर्षं त्यांचं हेच काम. पोथीला कसर लागली की तिची नवी प्रत उतरवायची.

“वऱ्हाडचं काय करणार?” बाबांनी पुन्हा विचारलं.

“विदर्भ लिहिता येईल.”

“बरं. आणि बिऱ्हाडाले?”

“घर.”

“तऱ्हेले?”

“प्रकार.”

“कुऱ्हाडीले?”

वृंदा जराशी थांबली. “कुऱ्हाडीच्या नावाचा पत्ता कोण घेणार आहे, बाबा?”

“लोहार घेईल.” बाबांनी बोरू खाली ठेवला. “बरं, ऱ्हासाले काय म्हणशील?”

वृंदा शब्द शोधू लागली.

“राहू दे,” बाबा म्हणाले. “त्याले अक्षर लागत नाई. तो न लिहिताच होते.”

वृंदा पुन्हा हसली, पण आता जरा जपून. गंमत करणाऱ्या म्हाताऱ्यांशी कसं बोलायचं ते तिला माहीत होतं. आवाज मऊ करायचा आणि मुद्दा सोडायचा नाही.

“बाबा, अक्षर मला आवडत नाही असं नाही. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, हे मलाही कळतं. पण या अर्ध्या रची एक खोड आहे. कॉम्प्युटरमध्ये तो दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत मध्ये एक न दिसणारी खूण घालावी लागते, दुसरीत लागत नाही. डोळ्यांना दोन्ही एकच. कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळी नावं. उद्या कुणी एका रीतीनं दवाखान्याचा पत्ता काढला, तर चोर दुसऱ्या रीतीनं तस्साच दिसणारा पत्ता काढील. लोक भाबडेपणानं तिथं जातील, आणि आपली सगळी माहिती चोराच्या हातात देतील.”

बाबांनी लक्ष देऊन ऐकलं. मान हलवली.

“हे खरं हाय.”

वृंदाला बरं वाटलं. तिचा हात पर्सकडे गेला. सहीचा कागद तिथंच होता.

“मंग दोनातली एक रीत बंद करता येत नाई का?”

हात थांबला.

“येते. पण त्यासाठी अपवाद लिहावा लागतो. हे अक्षर एवढ्याच जागी, याच रीतीनं, अमक्या अक्षरांच्या आधीच चालेल, असा.” तिनं मान जरा ताठ केली. “माझ्या नियमावलीत एकही अपवाद नाही, बाबा. बाकी सगळ्या भाषांच्या नियमावल्या पाहा. कुठं बारा, कुठं वीस. मराठीची एकटीच स्वच्छ आहे.”

आई लेकराचे गुण सांगते तशा आवाजात तिनं हे सांगितलं.

“येकही नाई?”

“एकही नाही.”

“कायले?”

वृंदानं तोंड उघडलं. अपवाद असला की नियम ढिला होतो, असं ती म्हणाली. अपवाद तपासायला वेळ जातो, असंही म्हणाली. परदेशातल्या सभेत तिच्या या मुद्द्यावर टाळ्या पडल्या होत्या, तेही तिनं सांगितलं.

ओसरीच्या टोकाला एक मुनी पोथीची पानं उन्हात पसरून त्यांचे मोबाइलवर फोटो काढत होते. एक पान, मग दुसरं. मठाला या पोथ्या जगासमोर ठेवायच्या होत्या. त्यांच्यासाठी मराठी पत्ता हवा म्हणून या मुनींनी नियमावली वाचली होती, आणि त्यातच त्यांना कलम सात दिसलं होतं.

“हे तू सभेत सांगते ते झालं,” बाबा म्हणाले. “मी तुले इचारून रायलो.”

वृंदा घड्याळाकडे बघणार होती. उठायलाही तयार होती. का कोण जाणे, ती बसून राहिली. वीस वर्षांत तिला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. ‘अपवाद का नकोत’ असं लोक विचारत, आणि त्याची उत्तरं तिच्याकडे ढीगभर होती. ‘तुला का नकोत’ असं कुणी विचारलं नव्हतं.

“एक मुलगी होती,” ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. नवऱ्याला न सांगितलेलं, गटातल्या कुणाला न सांगितलेलं, ते या अनोळखी म्हाताऱ्यापुढं तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडत गेलं.

वीस वर्षांपूर्वी ती एका परीक्षेच्या निकालांचं सॉफ्टवेअर लिहीत होती. नावं पहिल्यांदाच मराठीत येणार होती. कुणीतरी तिला विचारलं की या अर्ध्या रच्या दोन रीती आहेत, तर कोणती घ्यायची? वृंदा तेव्हा सत्तावीस वर्षांची होती आणि घाईत होती. दोन्ही चालू द्या, ती म्हणाली. दिसतात सारख्याच.

निकालानंतर आठवड्यानं एक मुलगी वडिलांबरोबर ऑफिसात आली. सविता वऱ्हाडे. सगळे पेपर दिले होते, पण गुणपत्रिकेवर तीन विषयांत गैरहजर. बाकी कुणी दाद देईना म्हणून शिपायानं तिला वृंदाकडे आणून उभं केलं. वृंदानं कॉम्प्युटरवर नाव शोधलं. तीन पेपरांच्या यादीत ते कॉम्प्युटरला सापडलं नाही.

“ती म्हणाली, मॅडम, हे बघा ना, हे माझंच नाव आहे. त्याच यादीच्या छापलेल्या कागदावर बोट ठेवून दाखवत होती. मला कागदावर दिसत होतं, बाबा. डोळ्यांसमोर होतं. सविता वऱ्हाडे. आणि मी तिला म्हणाले...”

ती थांबली.

“मी म्हणाले, कॉम्प्युटरमध्ये नाही म्हणजे तू बसलीच नाहीस.”

फोटो काढणारे मुनी पानं घेऊन आत गेले. ओसरीवर दोघंच उरली.

चार महिन्यांनी वृंदाला चूक सापडली होती. एका केंद्रावर नाव एका रीतीनं टाइप झालं होतं, दुसऱ्यावर दुसऱ्या. एक मुलगी कॉम्प्युटरनं दोन केल्या होत्या. वृंदानं ती चूक गुपचूप दुरुस्त केली. सविताच्या पत्त्यावर नवी गुणपत्रिका पाठवली, ती परत आली. घर सोडून गेले, असा शेरा होता. वृंदानं पुढं काही केलं नाही. ऑफिसात कुणाला कळलं नाही. तिला बढती मिळाली.

“तेव्हापासून मी कधी कुठं अपवाद ठेवला नाही,” ती म्हणाली. “आणि ते अक्षर... ते मला नकोच झालं. कलम सात लिहिलं त्या दिवशी वाटलं, चला, आता हे पुन्हा कुणाच्या बाबतीत होणार नाही.”

“मंग बरं वाटलं?”

“एक दिवस वाटलं.”

बाबांनी फळीवरची नक्कल उचलून बाजूला ठेवली. कोरं पान पसरलं. बोरू शाईत बुडवून तिच्या हातात दिला.

“तिचं नाव लिही.”

वृंदानं कित्येक वर्षांत कीबोर्डाशिवाय काही लिहिलं नव्हतं, बोरूनं तर कधीच नाही. अक्षर वाकडंतिकडं आलं. सविता वऱ्हाडे. व लिहून झाल्यावर हात आपसूक आडवा गेला, अर्धा र कोयरीसारखा वळला, ह त्याला येऊन टेकला. लिहिताना त्यात अवघड असं काहीच नव्हतं. दुसरीतली लहान पोरं पाटीवर लिहीत होती की ते.

बाबांनी फळीखालून एक मातीची वाटी काढली. आत हळदीसारखा पिवळा, दाटसर लेप होता. कडेला कुंचला.

“हे काय आहे?” तिनं विचारलं.

“हरताळ.”

हरताळ फासणं तिनं हजार वेळा ऐकलं होतं, वर्तमानपत्रात रोज वाचत होती. खरा हरताळ ती पहिल्यांदाच पाहत होती. पोथी उतरवताना चूक झाली की लिहिणारे तिच्यावर हा लेप देतात, आणि खालचं अक्षर दिसेनासं होतं, एवढं तिला ऐकून ठाऊक होतं.

“लाव,” बाबा म्हणाले.

“कुठं?”

“त्या अर्ध्या रवर.”

वृंदानं कुंचला उचलला. पिवळा थेंब टोकाशी जमला. खाली नाव ओलं होतं, शाई अजून चमकत होती.

कुंचला तिथंच राहिला.

किती वेळ, ते तिला पुढंही सांगता आलं नाही. टॅक्सीवाल्यानं एकदा हॉर्न वाजवला. बाबा आपल्या नखांत गेलेली शाई खरवडत बसले होते. तिच्याकडे बघतही नव्हते.

तिनं कुंचला मागं घेतला आणि थेंब टपकला. पानावर नाही, तिच्या साडीवर. तिनं कुंचला वाटीत ठेवला, आणि मग ती रडली. मोठ्यानं नाही. बाजूला पाहून, पदर तोंडाशी धरून, बराच वेळ.

बाबांनी पाण्याचा तांब्या सरकवला.

“बाबा, अक्षराची चूकच नव्हती.”

पाणी पिऊन ती अंगणात गेली. फोनला रेंज मिळेना. गोठ्याच्या भिंतीपाशी दोन रेषा आल्या. तिथं, गाईच्या शेपटीपासून अंग चुकवत उभं राहून तिनं पुण्याला इरफान तांबोळीला फोन लावला. इरफान गटाचा सचिव, नियमावलीचं सगळं तांत्रिक काम त्याच्याकडे.

“इरफान, कलम सात मी मागं घेतेय.”

“मॅडम, मुदत उद्याची आहे.”

“माहितेय. वाढवून मागू. दोन आठवडे. कारण मी माझ्या सहीनं लिहिते, चूक माझी म्हणून. अर्धा र ठेवायचा. एक रीत चालू, दुसरी बंद. कोणत्या अक्षरांच्या आधी चालेल, ते एकेक करून लिहावं लागेल. दोन आठवड्यांत होईल?”

“होईल काय, झालंय,” इरफान म्हणाला. “मी दोन वर्षांपूर्वी करून दिलं होतं ना. सहा पानं. ज्या रीतीत खूण लागत नाही ती ठेवायची, खूणवाली सरळ नाकारायची. फसवायला जागाच राहत नाही. तपासूनही ठेवलंय.”

“मला दिलं होतंस?”

“दिलं होतं. तुम्ही त्यावर लाल अक्षरांत ‘अपवाद’ एवढंच टाइप करून परत केलं.”

वृंदाला आठवलं. न वाचताच लिहिलं होतं.

“तू तेव्हा भांडला का नाहीस?”

“तुमच्याशी?” इरफान म्हणाला.

आणि वृंदाला हसू आलं. साधं, पोटातून. गाईनं मान वळवून पाहिलं. इरफानही पलीकडं हसायला लागला. तिथं, एका हातानं साडीवरचा पिवळा डाग झाकत, एका हातानं फोन धरून हसताना तिच्या ध्यानात आलं की आपले खांदे खाली आले आहेत. ते एवढी वर्षं कानांपर्यंत उचललेले होते हेच तिला ठाऊक नव्हतं.

“मग तेच पाठव,” ती म्हणाली. “तुझ्या नावानं पाठव.”

“पण मॅडम, ‘एकही अपवाद नाही’ असं आपण प्रस्तावनेत छापलंय.”

“खोडून टाक. एक आहे, असं लिही.”

फोन ठेवून तिनं टॅक्सीवाल्याला गाडी सावलीला लावायला सांगितलं आणि तूही जेवायला ये म्हणाली. मठात कुणी उपाशी जात नाही हे त्याला तिच्याआधीपासून माहीत होतं. तो हात धुऊन तयारच होता.

पंगतीत ज्वारीची भाकर, वरण आणि मिरचीचा ठेचा होता. तीन वर्षं वृंदा जेवताना मसुदे वाचत आली होती. आज तिनं दोन भाकरी खाल्ल्या आणि ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं तेही बरं वाटलं. फोटो काढणाऱ्या मुनींना तिनं पत्ता कसा मागायचा ते समजावून सांगितलं. कोणतं बटण आधी, कोणतं नंतर. मुनींनी दोनदा चुकवलं. तिसऱ्यांदा पडद्यावर ‘वऱ्हाडपोथी’ असं नीट उमटलं. मंजुरी मिळाल्यावर हेच इथून पाठवायचं, ती म्हणाली. त्यांनी ते आधी बाबांना आणि मग स्वयंपाकघरातही नेऊन दाखवलं.

निघताना ती ओसरीवर आली. दंडवत घातला.

बाबा पुन्हा नकलेला बसले होते. तिनं नाव लिहिलेलं पान त्यांनी फळीच्या कडेला वाळत ठेवलं होतं.

“काही सही पाहिजे होती का तुले?” त्यांनी विचारलं. “पिशवीत हात घालत होती मघा.”

“नको आता.”

“बरं.”

ती पायरी उतरली. चप्पल घातली. दोन पावलं गेली आणि वळली.

“बाबा, त्या मुलीला शोधू का? आता चाळिशीजवळ आली असेल. कुठं असेल, काय करत असेल... सापडेल असंही नाही. पण शोधू का?”

बोरू कागदावर चालत राहिला. एक ओळ संपली. बाबांनी ती वाळू दिली.

“शोध.”

“आणि सापडली तर? काय सांगू मी तिला?”

बाबांनी मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं.

“सापडली तर तू काई नको सांगू, माय,” ते म्हणाले. “पयले तिले बोलू दे.”